‘खुला’ म्हणजे कुणासाठी खुला? भरतीतले महिला आरक्षण आणि न्यायालयातले वाद



भरतीचा निकाल लागला की ग्रुपवर आधी पीडीएफ येते आणि तिच्या मागोमाग प्रश्न येतात. ‘तिला माझ्यापेक्षा कमी मार्क, मग तिचं नाव यादीत कसं?’ ‘ओबीसी महिलांचा कटऑफ ओपन महिलांच्या वर कसा गेला?’ ‘मुलींना तीस टक्के दिले, मग उरलेल्या सत्तर टक्क्यांत त्या कशाला येतात?’ चहा संपेपर्यंत वाद चालतो, आणि शेवटी कुणीतरी ‘सगळं सेटिंग असतं’ असं म्हणून विषय मिटवून टाकतं.

खरं तर या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या देशातल्या न्यायालयांनी दिलेली आहेत. ती मिळवण्यासाठी काही जणींना वर्षानुवर्षे थांबावे लागले. मी साहित्याची विद्यार्थिनी, कायद्याची नाही. तरी हा विषय मराठी मंडळाच्या अंकात यायला हवा असे मला वाटते. एक तर आपल्यापैकी निम्मे जण कुठल्या ना कुठल्या भरतीची तयारी करत आहेत. दुसरे म्हणजे हे वाद बरेचसे शब्दांच्या अर्थाचे आहेत. ‘केवळ’, ‘किमान’, ‘समांतर’ आणि ‘खुला’ या चार शब्दांचा अर्थ कसा लावायचा, यावर कुणाची नोकरी राहिली आणि कुणाची गेली. शब्द नीट वाचणे हे तर आपलेच काम आहे.

सुरुवातीला एक खुलासा. २०२३ साली १०६ वी घटनादुरुस्ती झाली आणि महिला आरक्षणाची खूप चर्चा झाली. ती दुरुस्ती लोकसभा आणि विधानसभांच्या जागांबद्दल आहे. नोकरभरतीचा विषय वेगळा आहे आणि तो जुना आहे. आजचा पाठ त्याच्याबद्दल.

१. घटनेत ‘स्त्री’ कुठे आहे?

सरकारी नोकरीबद्दल घटनेचे मुख्य कलम १६ वे. त्याचा पहिला भाग सर्वांना समान संधी देतो. दुसरा भाग सांगतो की धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांच्या केवळ कारणावरून नोकरीत भेदभाव करता येणार नाही. चौथा भाग मागासवर्गांसाठी पदे राखून ठेवायला परवानगी देतो. आता हे सगळे पुन्हा वाचा. स्त्रियांसाठी पदे राखता येतील असे १६ व्या कलमात कुठेही म्हटलेले नाही. उलट ‘लिंग’ हा शब्द मनाईच्या यादीत आहे.

स्त्रियांचा उल्लेख १५ व्या कलमात सापडतो. त्याचा तिसरा भाग म्हणतो की स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी विशेष तरतूद करण्यापासून राज्याला कुणी अडवू शकत नाही. हे वाक्य छोटे आहे आणि त्यात नोकरीचा शब्द नाही. म्हणून प्रश्न उभा राहिला, की ‘विशेष तरतुदी’त नोकरी येते का?

या वाक्याची एक सुरुवातीची परीक्षा आपल्या भाषिक मुलखातच झाली. जळगाव नगरपालिकेत स्त्रियांसाठी जागा राखल्या होत्या आणि त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. १९५३ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने त्या जागा वैध ठरवल्या. पण तो विषय निवडणुकीचा होता, पगारी नोकरीचा नव्हता.

नोकरीचा प्रश्न आंध्र प्रदेशातून आला. तिथे १९८४ साली सेवा नियमांत २२-अ हा नियम घालण्यात आला. काही पदांवर स्त्री आणि पुरुष सारखेच योग्य असतील, तर बाकी गोष्टी समान असताना स्त्रीला प्राधान्य द्यावे आणि निदान ३० टक्के पदांपर्यंत ते द्यावे, असा त्याचा आशय. एका पुरुष उमेदवाराने त्याला आव्हान दिले. ‘सरकार विरुद्ध विजयकुमार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे १९९५ मध्ये दिला. निकालपत्र न्या. सुजाता मनोहर यांनी लिहिले. सर्वोच्च न्यायालयात आलेल्या त्या दुसऱ्या महिला न्यायाधीश.

त्यांचा युक्तिवाद सरळ होता. शतकानुशतके स्त्रियांना सामाजिक आणि आर्थिक बाबतीत मागे ठेवले गेले. ते भरून काढण्यासाठी १५(३) आहे. स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे सर्वात मोठे साधन म्हणजे रोजगार. तोच ‘विशेष तरतुदी’तून वगळला, तर त्या तरतुदीत उरते काय? म्हणून १५(३) ची सत्ता नोकरीपर्यंत पोचते. स्त्रियांसाठीची तरतूद प्राधान्याच्या रूपात असू शकते, तशीच आरक्षणाच्या रूपातही असू शकते.

हा पाया घातला गेला. आज महाराष्ट्रात राज्य सेवेत स्त्रियांसाठी ३० टक्के, कर्नाटकात ३३ टक्के, उत्तर प्रदेशात २० टक्के, बिहारमध्ये ३५ टक्के अशी तरतूद आहे. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत मात्र स्त्रियांसाठी वेगळे आरक्षण नाही. म्हणजे हा बहुतांशी राज्यांच्या नियमांचा विषय आहे, आणि म्हणूनच वादही राज्याराज्यांत वेगवेगळे झाले.

२. उभे आणि आडवे

आता दुसरा शब्द: समांतर. भरतीच्या जाहिरातीत तुम्ही ‘सामाजिक आरक्षण’ आणि ‘समांतर आरक्षण’ असे दोन शब्द वाचले असतील. त्यांचे मूळ १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात आहे. तोच तो मंडल आयोगाचा खटला, नऊ न्यायाधीशांचा. त्यात न्या. जीवन रेड्डी यांनी उभे आणि आडवे असा भेद समजावून सांगितला.

वहीच्या पानावर उभे रकाने आखा: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, खुला. हे उभे आरक्षण. आता त्या सगळ्या रकान्यांना छेदून जाणारी एक आडवी रेघ मारा. ती स्त्रियांची. दिव्यांगांची, माजी सैनिकांचीही तशीच. ही आडवी रेघ प्रत्येक रकान्यातून जाते, म्हणून प्रत्येक रकान्यात स्त्रियांचा वाटा असतो. निवड झालेली स्त्री ज्या रकान्यातून आली त्याच रकान्यात मोजली जाते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, स्त्रियांचे ३० किंवा ३३ टक्के हे जातींच्या आरक्षणात वर मिळवायचे नसतात. ते आतूनच जातात, त्यामुळे उभ्या रकान्यांची टक्केवारी तेवढीच राहते. ‘पन्नासच्या वर गेलं’ ही तक्रार स्त्रियांच्या आरक्षणाबद्दल लागू पडत नाही. दुसरी, खुल्या रकान्यालाही ही रेघ छेदते. म्हणजे ‘खुला महिला’ असा एक चौकोन तयार होतो. पुढचे सगळे भांडण त्या चौकोनावर आहे.

३. मोजायचे कसे?

राजस्थानात मुन्सिफ म्हणजे दिवाणी न्यायाधीशांची भरती होती. स्त्रियांसाठी २० टक्के. लोकसेवा आयोगाने काय केले, तर गुणवत्तेवर आलेल्या स्त्रिया बाजूला धरल्या आणि त्यांच्यावर पुन्हा महिला कोटा भरला. पुरुष उमेदवार न्यायालयात गेले. १८ जुलै २००७ रोजी ‘राजेशकुमार दारिया’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोजण्याची रीत ठरवून दिली. निकालपत्र न्या. रवींद्रन यांचे. त्यातले उदाहरण इतके स्पष्ट आहे की ते पाठच करावे.

समजा अनुसूचित जातींसाठी १९ पदे आहेत आणि त्यात स्त्रियांचा वाटा ४ आहे. आधी स्त्री-पुरुष न बघता गुणानुक्रमे १९ नावांची यादी करा. मग तिच्यात स्त्रिया किती ते मोजा.

चार निघाल्या? काम झाले, यादीला हात लावू नका.

दोनच निघाल्या? मग त्याच प्रवर्गातल्या गुणानुक्रमे पुढच्या दोन स्त्रिया आत घ्या आणि यादीच्या तळाचे तेवढेच उमेदवार कमी करा.

चारहून जास्त निघाल्या? सगळ्या राहतील. ‘महिलांचा कोटा संपला’ म्हणून एकीलाही काढता येणार नाही.

इथे तिसरा शब्द लक्षात घ्या: किमान. जातीच्या उभ्या आरक्षणात आणि स्त्रियांच्या आडव्या आरक्षणात न्यायालयाने फरक केला. मागासवर्गाचा उमेदवार खुल्या यादीत स्वतःच्या गुणांवर आला, तर तो राखीव जागेत मोजला जात नाही. पण स्त्री आपल्या प्रवर्गाच्या यादीत गुणांवर आली, तर ती महिला वाट्यात मोजली जाते. कारण आडव्या आरक्षणाचा हेतू ‘निदान एवढ्या तरी असाव्यात’ असा आहे. त्या आपल्या बळावर आल्या असतील तर हेतू साधला.

म्हणजे हा निकाल दोन्ही बाजूंना बांधतो. कोटा दोनदा भरता येत नाही, आणि कोट्याच्या नावाखाली हुशार मुलीला बाहेरही ठेवता येत नाही. तुमच्या शेजारी बसणाऱ्या मुलाची तक्रार पहिल्या प्रकारची असेल तर ती खरी असू शकते, तिला हसून उडवू नका.

४. ‘खुला’ या शब्दावरचे भांडण

आता ‘खुला महिला’ या चौकोनाकडे येऊ. वरच्या रीतीने खुली यादी केली आणि तिच्यात स्त्रिया कमी पडल्या, तर पुढच्या स्त्रिया आत घ्यायच्या. पण कुठल्या? सगळ्या स्त्रियांपैकी ज्यांचे गुण जास्त त्या, की फक्त ज्यांना जातीचे आरक्षण नाही त्या?

यावर देशातली उच्च न्यायालये दुभंगली होती. मुंबई, राजस्थान, गुजरात, उत्तराखंड यांचे म्हणणे होते की कुठल्याही प्रवर्गातल्या स्त्रीचा विचार गुणांवर करावा. अलाहाबाद आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयांचे म्हणणे उलट होते. आपल्या मराठी मुलखात हा वाद चांगलाच पेटला होता. ऑगस्ट २०१४ च्या शासकीय परिपत्रकाचा आधार घेऊन महाराष्ट्रात ‘खुला महिला’ची पदे भरताना मागासवर्गीय मुलींना वगळले जाई. जास्त गुण मिळूनही घरी बसलेल्या कितीतरी मुली न्यायाधिकरणात आणि उच्च न्यायालयात गेल्या.

अखेर सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो उत्तर प्रदेशचा खटला. २०१३ ची पोलीस शिपाई भरती, एकूण ४१,६१० पदे. इतर मागासवर्गातल्या एका मुलीला २७६.५९४९ गुण होते. तिच्या स्वतःच्या प्रवर्गातल्या महिलांत तिचा नंबर लागला नाही. खुल्या प्रवर्गातून महिला म्हणून निवडलेल्या शेवटच्या उमेदवाराचे गुण होते २७४.८२९८. म्हणजे ‘खुल्या’ जागेवर तिच्यापेक्षा कमी गुणांची मुलगी घेतली गेली आणि तिला ‘तू ओबीसी आहेस’ म्हणून थांबवले गेले.

हे जरा थांबून बघा. आरक्षणामुळे तिचे नुकसान झाले. तिने जातीचा दाखला जोडलाच नसता तर तिला नोकरी मिळाली असती.

‘सौरव यादव’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल १८ डिसेंबर २०२० रोजी न्या. उदय लळित, न्या. रवींद्र भट आणि न्या. हृषीकेश रॉय यांच्या पीठाने दिला. मुख्य निकालपत्र न्या. लळित यांचे. त्यांनी मुंबई-राजस्थानची बाजू बरोबर ठरवली. न्या. भट यांनी स्वतंत्र निकालपत्र जोडले, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या विषयाचा गाभा त्यात आहे. खुला प्रवर्ग हा कोटा नव्हे. तो उरलेल्या जातींसाठी राखलेला रकाना नव्हे. तो सगळ्यांसाठी आहे, स्त्री असो की पुरुष, कुठल्याही समाजाचा. अट फक्त गुणवत्तेची. तसे मानले नाही तर ‘खुला’ हाही जातीचा राखीव प्रवर्ग होऊन बसेल.

शब्दकोशात ‘खुला’ म्हणजे उघडा, ज्याला कुलूप नाही तो. न्यायालयाने सात-आठ वर्षांच्या वादानंतर हाच अर्थ सांगितला. आपल्या बोलण्यात मात्र ‘ओपनची आहे ती’ असं आपण एखाद्या जातीसारखंच म्हणतो. शब्दाचा अर्थ आधी बोलण्यात बदलला आणि मग तो परिपत्रकात उतरला. शब्द सैल वापरला की नुकसान कुणाचे होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

न्यायालयाने २७४.८२९८ पेक्षा जास्त गुण असलेल्या ओबीसी महिलांना नियुक्ती द्यायला सांगितले. आधी लागलेल्या मुलींच्या नोकऱ्या मात्र काढल्या नाहीत. जाहिरात २०१३ ची, निकाल २०२० चा. पोलीस भरतीचे वय किती लवकर निघून जाते हे ग्राउंडवर धावणाऱ्या कुणालाही विचारा.

५. आपल्या भागातले उदाहरण

कर्नाटकात खुल्या प्रवर्गाला ‘जनरल मेरिट’ किंवा नुसते ‘जीएम’ म्हणतात. नावातच मेरिट आहे, त्यामुळे अर्थ चुकायला नको. आपल्या सीमाभागातल्या मुलींच्या दृष्टीने एक गंमत अशी की कर्नाटकाच्या मागासवर्ग यादीत मराठा आणि ख्रिश्चन हे दोन्ही ‘३ बी’ प्रवर्गात येतात. म्हणजे माझी मराठा मैत्रीण आणि मी, आम्हा दोघींच्या अर्जावर एकच रकाना.

आता एक कल्पित भरती घेऊ. जीएमची १० पदे, त्यात स्त्रियांसाठी ३. गुणानुक्रमे पहिल्या दहांत एकच मुलगी आहे, चौथ्या क्रमांकावर. अजून दोघी हव्यात. यादीत खाली उतरत गेलो की या तिघी भेटतात:

क्रमांक १३: ३ बी प्रवर्गाची मुलगी, ८१ गुण.
क्रमांक १५: कुठलेही जातीचे आरक्षण नसलेली मुलगी, ७९ गुण.
क्रमांक १८: तशीच दुसरी मुलगी, ७७ गुण.

चुकीच्या रीतीने ७९ आणि ७७ वाल्या आत जातील आणि ८१ वाली ३ बीच्या रांगेत उभी राहील. सौरव यादव निकालाप्रमाणे ८१ आणि ७९ वाल्या आत येतील. दोन्ही वेळा नवव्या आणि दहाव्या क्रमांकाचे दोन मुलगे बाहेर जातात. म्हणजे हा प्रश्न मुलगे विरुद्ध मुली असा नाहीच. तो ७७ आणि ८१ यांच्यातला आहे. शिवाय ८१ वाली जीएममध्ये गेली, की ३ बीच्या रांगेत तिच्या मागे असलेल्या एखाद्या मुलीचा नंबर पुढे सरकतो.

एक सावधगिरी. मागासवर्ग म्हणून वयाची किंवा गुणांची सवलत घेतली असेल, तर पुढे खुल्या जागेवर विचार होतो की नाही, हे त्या त्या भरतीच्या नियमांवर अवलंबून असते. न्यायालयांनीही नियम बघूनच वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. म्हणून अर्ज भरताना गरज नसलेली सवलत ‘असू दे’ म्हणून टिक करू नका.

६. कोटा छत होतो तेव्हा

आतापर्यंत स्त्रियांचा वाटा कमीत कमी किती ते बघितले. उलट प्रकारही होतो, की वाटा ठरवून दिला जातो आणि त्याच्या वर जाऊ दिले जात नाही.

सैन्याच्या विधी शाखेत, म्हणजे जज अॅडव्होकेट जनरल शाखेत, एका भरतीत पुरुषांसाठी ६ आणि स्त्रियांसाठी ३ जागा होत्या, याद्याही वेगळ्या. महिलांच्या यादीत चौथ्या आणि पाचव्या आलेल्या दोघी बाहेर राहिल्या, पण त्यांचे गुण निवड झालेल्या काही पुरुषांपेक्षा जास्त होते. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी घटनाबाह्य ठरवली. पद जर स्त्री-पुरुष दोघांसाठी आहे आणि परीक्षेचे निकष एकच आहेत, तर सामायिक गुणवत्ता यादी लावा, असे सांगितले.

राजस्थान, उत्तर प्रदेश आणि हा तिसरा खटला एकत्र ठेवले की एकच सूत्र दिसते. स्त्रियांसाठी ठरवलेला आकडा ही जमीन आहे. तिच्या खाली संख्या जाऊ नये म्हणून ती घातली. तिला छत समजले की जास्त गुणांच्या मुली बाहेर राहतात. तिला भिंत समजले की मुलींमध्येच जातीचे वेगळे वाफे पडतात. बहुतेक खटले या दोन गैरसमजांतून उगवले आहेत.

७. कुठली स्त्री?

अजून एक वाद आपल्याला जवळचा आहे: स्त्री कुठली रहिवासी? उत्तराखंडने २००६ च्या आदेशाने फक्त राज्यातल्या स्त्रियांना ३० टक्के दिले. बाहेरच्या राज्यांतल्या मुलींनी त्याला आव्हान दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती थांबवली, आणि जानेवारी २०२३ मध्ये राज्याने थेट कायदाच आणला. बिहारनेही जुलै २०२५ मध्ये आपले ३५ टक्के राज्यातल्या रहिवासी स्त्रियांपुरते ठेवले. यात घटनेचा पेच असा की १६ वे कलम निवासावरून भेदभावाला मनाई करते आणि निवासाची अट घालणारा कायदा करण्याचा अधिकार संसदेला देते, राज्यांना नाही.

आपल्याकडे महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना महाराष्ट्राच्या भरतीत अर्ज करता येतो. त्यासाठी रहिवासाचा वेगळा दाखला लागतो. तेव्हा सीमेवरच्या मुलीने जाहिरातीतले ‘महिला आरक्षण’ आणि ‘अधिवास’ हे दोन्ही परिच्छेद एकत्र वाचायला हवेत. महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गातल्या महिलांना नॉन क्रिमिलेअर प्रमाणपत्राची अट होती, ती २०२३ मध्ये काढली. जुन्या नोट्सवर विसंबून राहू नका.

८. यादी हातात आली की

शेवटी कामाचे चार मुद्दे.

एक, फक्त आपल्या प्रवर्गाचा कटऑफ बघू नका. ‘खुला महिला’ किंवा ‘जीएम महिला’ चा कटऑफ आपल्या गुणांच्या खाली आहे का ते आधी तपासा. असेल, तर प्रश्न विचारायला जागा आहे.

दोन, सामायिक गुणवत्ता यादी मागा. प्रवर्गवार याद्यांत ही चूक दिसत नाही, एकत्र यादीत लगेच दिसते. संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो.

तीन, आक्षेपाची मुदत पाळा. तात्पुरती यादी लागली की हरकतीसाठी थोडेच दिवस असतात. नंतर न्यायालयात पहिला प्रश्न हाच येतो, की तेव्हा का बोलला नाहीत?

चार, वाद घालताना समोरच्याला ‘कोट्यातली’ म्हणण्याआधी तिचे गुण बघा. यादीतली मुलगी महिला वाट्यात मोजली गेली म्हणजे ती त्याच्यामुळेच आली असे नसते. दारिया निकालातली चारही नावे स्वतःच्या गुणांवरची असू शकतात.

सराव

(अ) इतर मागासवर्गासाठी १२ पदे, स्त्रियांचा वाटा ४. गुणानुक्रमे पहिल्या बारांत ६ मुली आहेत. किती मुली लागतील?

(आ) खुली २० पदे, स्त्रियांचा वाटा ६. पहिल्या वीसांत ५ मुली. एकविसाव्या क्रमांकावर अनुसूचित जातीची मुलगी, बाविसाव्यावर खुल्या प्रवर्गातली मुलगी, आणि विसाव्यावर मुलगा. दोघींनी कुठलीही सवलत घेतलेली नाही. आत कोण येईल, बाहेर कोण जाईल?

उत्तरे: (अ) सहाही. चार हा आकडा किमान आहे. (आ) एकविसाव्या क्रमांकाची मुलगी आत येईल, विसाव्याचा मुलगा बाहेर जाईल. त्या मुलाला वाईट वाटणारच. पण तिच्या जागी बाविसावीला घेतले असते, तरी तो बाहेरच गेला असता, आणि वर आणखी एकीवर अन्याय झाला असता.

पुढच्या वेळी ग्रुपवर पीडीएफ आली की ती उघडून खुल्या प्रवर्गाचे पान आधी वाचा. त्या पानावर आपले नाव शोधायचा हक्क प्रत्येकीला आहे.